वांग्याचं पारणं

आई, वांग्याच्या फोडींना मीठ लावून त्या चाळणीत निथळत ठेवल्या आहेत आणि त्यांच्यासमोर बसून तुला लिहिते आहे. मँचेस्टरमधली नोव्हेंबरची दुपार म्हणजे जवळजवळ संध्याकाळच, दिवा लावूनच चिरायला बसले. काल कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला. द्वादशीचा हा वांग्याचा पास्ता आज मी करते आहे, कारण दरवर्षी करणारा यंदा भाद्रपदात गेला. तुझा जावई गेला, आई. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुला कळवल्याशिवाय ही बातमी पुरती खरी होत नाही असं मला का वाटावं, कोण जाणे.

लग्नाला तू आली नाहीस. गुडघ्यांचं कारण दिलंस. तेव्हा तुझे गुडघे उत्तम होते, पण तो विषय आपण दोघींनी सभ्यपणे टाळला. पुढे फोनवर तू त्याला फक्त 'तो' म्हणायचीस. एका सर्वनामावर एवढं ओझं टाकणारी संस्कृतची शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही. मग चौथ्या वर्षी आलीस, ती नेमकी आषाढात. सिसिलीच्या माणसाला उन्हाळा म्हणजे वांगं, आणि सासू पहिल्यांदा घरी येणार म्हणजे त्यातलं सर्वांत चांगलं वांगं. सकाळपासून स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात. फोडी ऑलिव्ह तेलात तळलेल्या, लसूण घातलेला टोमॅटो मंद रटरटतोय, वर बेझिल, म्हणजे आपल्या तुळशीची चुलतबहीण, आणि खारवलेलं रिकोटा चीज किसून. मोठ्या थाटात त्याने तुझ्यापुढे ताट ठेवलं.

तू ताटाकडे बघतेस. "हे वांगं ना?"

"हो."

"आणि लसूण."

"हो, आई."

"चातुर्मास लागलाय गं."

मी भांडायच्या तयारीनेच बसले होते, चार वर्षांचा साठा होता. पण तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "त्याला नीट सांग. मी नाही म्हणत नाहीये. कार्तिकीनंतर म्हणतेय." मी सांगितलं. "नोव्हेंबर?" त्याने तुलाच विचारलं. तू मान हलवलीस. तो गंभीर झाला, त्याला त्यांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा नेम आठवला. "माय ग्रँडमदर, इन लेंट, नो मीट. बट फोर मंथ्स," तो म्हणाला, "दॅट इज सीरियस." त्याने तुला लोणी-मीठ घालून साधा पास्ता दिला, आणि मग स्वतःच्या ताटातलीही वांगी काढून ठेवली. सासू खात नाही ते तिच्यासमोर कसं खायचं, एवढाच त्याचा धर्मविचार. ती सगळी वांगी पुढे दोन दिवस मी खाल्ली. त्या वर्षी या घरात चातुर्मास पाळणारे दोघं होते, एक तू आणि एक कॅथलिक.

तुझ्या ते उशिरा लक्षात आलं. भाजीच्या दुकानात तो वांग्यांच्या ढिगापाशी घुटमळला, एक हातात घेऊन परत ठेवलं आणि पुढे गेला. घरी आल्यावर तू मला विचारलंस, "जावई वांगं का घेत नाहीत?" तो शब्द तुझ्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. "तुझ्यामुळे," मी म्हटलं. "वेडा आहे का?" म्हणालीस, आणि बराच वेळ पुसलेलाच ओटा पुसत राहिलीस. त्यानंतर तुम्हाला माझी गरज उरली नाही. तू मराठीत बोलायचीस, तो इटालियनमध्ये. दोघांचं बोलणं अगदी आत्मनेपदी, ज्याचं फळ त्यालाच. तरी हसायचात मात्र एकाच वेळी, आणि मी दारात उभी राहून विचारायचे की काय झालं, तर दोघंही मला सांगत नव्हतात.

निघताना विमानतळावर तू त्याला इंग्रजीत म्हणालीस, रात्रीच पाठ केलं असणार: "नेक्स्ट टाइम, विंटर. आय विल ईट." पुढच्या हिवाळ्याचं तुझं तिकीटही काढलं होतं. तू दिवाळीच्या आधीच गेलीस.

त्याने नेम सोडला नाही. दर आषाढात मी म्हणायचे, आता कोणासाठी? "शी सेड नोव्हेंबर," तो म्हणायचा. "सो, नोव्हेंबर." मी त्याच्यासमोर खुशाल भरीत खायचे, तो बघायचा आणि दही मागायचा. मग द्वादशीला हा पास्ता. नोव्हेंबरातलं इथलं वांगं म्हणजे पुठ्ठा, हे तो दर वर्षी न चुकता सांगायचा, आणि तुझं पान वाढायचा.

यंदा श्रावणात तो हॉस्पिटलमध्ये होता. खाणं जवळजवळ सुटलेलं. एक दिवस भाज्यांचा लझान्या आला, त्यात वांग्याचे काप. त्याने काट्याने एकेक काप काढून ताटलीच्या कडेला नीट रचून ठेवला. बराच वेळ लागला. नर्स म्हणाली, "नॉट कीन ऑन ऑबर्जीन, लव्ह?" तो म्हणाला, "व्हेरी कीन. नोव्हेंबर." तिने माझ्याकडे पाहिलं.

तू मला इतकं संस्कृत शिकवलंस, संकल्प अजून मुखोद्गत आहे. पण नेम धरलेला माणूसच मधे गेला तर त्याचं पारणं कोणी करायचं, हे मला ठाऊक नाही. तुला ठाऊक असतं. म्हणून आज कढईपाशी उभी राहिले. वांगं आधी सगळं तेल पितं आणि धीर धरला तर परत देतं, असं तो म्हणायचा. मला धीर धरवला नाही. काही फोडी करपल्या, काही आतून कच्च्या राहिल्या. मिठाचा हातही जड पडला. तुम्ही दोघांनी मला भरपूर हसून घेतलं असतं.

आता तीन पानं वाढली आहेत. हे पाठवायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते: तो गेल्यापासून मीही वांगं खाल्लेलं नाही. कोणाला बोलले नाही. ऑफिसात ॲलर्जी म्हणून सांगितलं. आणि आज खायची मोकळीक आहे, तर मला काटा उचलवत नाही. मी घास घेतला की त्याचं वाट बघणं संपेल. पास्ता गार झाला आहे, आई, आणि मी अजून तशीच बसले आहे.