पोटाला दिलेली सुट्टी

१२ जून १९८९
हे मुंबईहून घरी आले. जीपमधून स्वतःच्या पायांनी उतरले. अख्खं मुरबे गाव दारात. आतड्याला पीळ पडला होता, अर्ध्याहून जास्त आतडं कापून टाकलं. पण माणूस परत मिळाला. मनातल्या मनात मी त्या सर्जनच्या पाया पडले.
मासळीच्या काट्यावर वजन केलं, दुसरा काटा घरात नाही. व. ४३. एरवी साठ किलोचे, बोट चालवणारे तांडेल. काट्यावर बसून म्हणतात, "बोला, लावा बोली." रडू की हसू.
सासूबाईंनी देवीला शब्द दिलाय. "माजा जनू मावरं खाईल त्या दिवशी मी खाईन. तोवर नाय." मासळीशिवाय एक घास न उतरणारी बाई. पावसाळ्यात ताजं नसलं तरी सुका जवळा असतो. तोही नाही म्हणाल्या.

१५ जून
शौ. ९. काही खाल्लं की तासाभरात बाहेर. वही आखली. तीन रकाने: काय दिलं, शौचाच्या खेपा (शौ.), वजन (व.). शाळेत शास्त्र शिकवते, रकान्यांशिवाय मला सुचत नाही.

१९ जून
माहेरी पोट बिघडलं की आई लंघन घालायची. तेच धरलं. साखरपाणी, थोडं ताक, बस्स. शौ. २! आधीच का सुचलं नाही? दमलेल्या पोटाला जरा सुट्टी द्यायची, साधी गोष्ट.
शाळेत सामंतबाई रोज माझा शेवटचा तास घेतात, म्हणून लवकरची गाडी मिळते. एकदाही बोलून दाखवत नाहीत.

२७ जून
शौ. १. रकाना बघत राहावा असा.
व. ४०. काटा बिघडला असणार. दिरांना तपासायला सांगितलंय.

२८ जून
काटा बरोबर आहे.

१ जुलै
ह्यांना घेऊन एसटीने पालघर. तिथल्या डॉक्टरांपुढे वही ठेवली, खरं तर ऐटीतच. त्यांनी चष्मा काढला.
"बाई, वरून काही गेलंच नाही, तर खाली काय येणार?"
मग औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. आठवेल तसं लिहिते. अन्न लागलं की जठराच्या, आतड्याच्या भिंतीतून संप्रेरकं सुटतात. ती नुसती पाचकरस सोडायला सांगत नाहीत, भिंतीला वाढायलाही सांगतात. मग विकरं पेशींभोवतालचं जुनं विणकाम थोडं थोडं तोडतात, नवं घातलं जातं. खाली खळग्यात जन्मलेल्या पेशी वर सरकत भिंतीवरच्या केसांसारख्या उंचवट्यांच्या शेंड्यापर्यंत चढतात. उरलेलं आतडं असं जाड होतं, गेलेल्याचं काम अंगावर घेतं. "सगळं अजून कुणालाच नीट कळलेलं नाही," म्हणाले, "पण उपाशी आतडं वाळतं, एवढं नक्की."
आणि मी त्याला सुट्टी दिली होती. अठरा वर्षं मुलांना पचनसंस्था शिकवतेय.
स्टँडवर रडले. हे म्हणाले, "अगं, लोकं बगतात." आणि स्वतःच्याच रुमालाने माझं नाक पुसलं.

१ जुलै, संध्याकाळी
सासूबाईंना सांगितलं, मीच उपाशी ठेवलं त्यांना. वाटलं, आता बोलतील. बोलल्या ते एवढंच, "चल, तांदूळ धू." त्या बाईचे उपकार कुठल्या जन्मी फेडू?

९ जुलै
दर दोन तासांनी वाटीभर पेज. शौ. ८. आकडा बघून वाटी पुढे करवत नाही. सासूबाई ती माझ्या हातातून घेतात आणि ह्यांना भरवतात.

१६ जुलै
शौ. ७. व. ४०. खाली गेलं नाही, हेच खूप.

२३ जुलै
परवा हे ओटीवर बसून जाळं शिवत होते. डॉक्टरांचं चित्र पुन्हा दाखवलं. म्हटलं, भिंत दुरुस्त करायची तर आधी तोडतात कशाला, ते मला कळत नाही.
"त्यात काय हाय? कुजकी गाठ कापल्याबिगर नवी बसत नाय."
"आणि जास्त कापली गेली तर?"
"मंग भोक पडंल. हात बेतानं चालवायचा."
काल आठवीच्या वर्गात हेच सांगितलं, ह्यांच्याच शब्दांत. पुस्तकात नाही. मागच्या बाकावरची कोळ्यांची पोरं पहिल्यांदाच सरळ बसून ऐकत होती.

६ ऑगस्ट
शौ. ५. व. ४३. जिथून निघालो तिथे आलो. मधले दिवस माझ्या हुशारीत गेले. पण ह्यांनी अजून एकदाही तो विषय काढलेला नाही.

१८ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा झाली. आज बोट गेली, सुकाणूवर दीर. हे किनाऱ्यावर उभे होते. बोट दिसेनाशी झाल्यावरही वळेनात. घरी येऊन स्वतःहून पेज मागितली.
सासूबाई दोन महिन्यांहून जास्त वरण-भात-कांद्यावर. गालफडं बसलीत. म्हटलं, "आई, सोडा आता तो शब्द."
"देवीला दिलाय. तुला नाय."

२९ ऑगस्ट
शौ. ३. व. ४६! डॉक्टर खुर्चीतून उठून आले, ह्यांच्या पाठीवर थाप मारली. मासळी द्या म्हणाले. मऊ, उकडलेली, तेल नको, एकच तुकडा. पोटात टिकली तर पुढचं बोलू, बोटीचंही. नाही टिकली तर महिनाभर पुन्हा पेजच.


३ सप्टेंबर
दिरांनी पहाटे ताजे बोंबील आणून दिले. ओले, अजून चकाकणारे. एक उकडला, मीठ-हळद. साडेबाराला ह्यांनी अर्धा खाल्ला. मग माझ्याकडे बघितलं आणि उरलेलाही.
सासूबाईंचं ताट वाढलं. भात, बोंबलाचं कालवण. घरभर वास. त्यांनी ताटावर ताट पालथं घातलं.
"आई, खाल्लं ना त्यांनी!"
"तोंडात गेलं. पोटात राहू दे आदी."
एक वाजला. दीड. एरवी या वेळेला परसाकडे धावतात. हे ओटीवर झोपलेत, हात पोटावर. वास घेत मांजर आली, सासूबाईंनी हुसकावली.
देवा, पुढचं काहीही असो. तो सर्जन, हे डॉक्टर, सामंतबाई, माझी चूक गिळून टाकणारी ही दोन माणसं, यांना सुखी ठेव.
अडीच. हे कूस बदलून पुन्हा झोपले. सासूबाई झाकल्या ताटापाशी तशाच बसून आहेत, भात केव्हाच गार झाला असेल. वही माझ्या मांडीवर. "काय दिलं"मध्ये लिहिलं: बोंबील, एक. शौ.चा रकाना कोरा आहे, तिथे पेन टेकवलेलं नाही.
सासूबाई विचारतात, "मंदा, किती वाजलं?"