तिसरं कडवं

प्रिय ताई,

फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्या पुढे सरकत नाहीस, म्हणून हे पत्र. दर गुरुवारी न चुकता येणारी तू, मी नाटकाची तिकिटं काढल्यापासून फिरकली नाहीस. आधी म्हणालीस, गुडघा दुखतोय. मग म्हणालीस, अंधारात नीट दिसत नाही. प्रयोग दुपारचा आहे म्हटल्यावर एकदम शिवायला कपडे आले! दुकान बंद करून इतकी वर्षं झाली, आता कोण गं आलं झगे घेऊन? माझं काय चुकलं हे आठवत मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो. सूनबाई म्हणाली, “बाबा, आत्या रागावल्यात असं वाटतं तर सरळ विचारा ना, झुरता कशाला?” विचारणारच होतो. पण आधी नाटकाचं सांगतो. तुला सांगितल्याशिवाय मला काही पाहिल्यासारखंच वाटत नाही.

शेवटी एकटाच गेलो. तुझ्या खुर्चीवर छत्री बसवली. थिएटर तेच, फक्त खुर्च्यांना आता गाद्या आहेत आणि पडदा वर न जाता मधून दुभंगतो. पण ऑर्गनचा पहिला सूर निघाला आणि अंगावर काटा आला बघ. मी पुन्हा अर्ध्या चड्डीतला, तुझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसलेला. नाटकातला नावाडी तसाच उंचनिंच, त्याची बायको तशीच भांडखोर. शेजारचे गृहस्थ वळून म्हणाले, “काका, आम्ही त्यांचं गाणं ऐकायला आलोय.” तेव्हा कळलं, मी मोठ्यानं गात होतो.

लहानपणी हेच नाटक पाहताना शेवटच्या अंकात मी तुझ्या मांडीवर झोपून गेलो होतो. नावाड्याचं शेवटचं गाणं हुकलं ते हुकलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे भोकाड पसरलं, ते तू मशीनवर पाय मारता मारता अख्खं गाणं म्हणून दाखवलंस तेव्हाच थांबलं. शाळेत गुरुजींनी चालीवर शिकवलेल्या कविता मी जन्मभर जपल्या, पण त्या सगळ्यांच्या वर मी या गाण्याचं तिसरं कडवं ठेवलं:

फाटलेल्या शिडाला मी घालीन गं टाका,
वारा गेला दूर तरी मारीन मी हाका.

लेकीच्या लग्नात म्हटलं, कचेरीतून निवृत्त होताना म्हटलं, कुठे म्हणून सोडलं नाही. दर गुरुवारी मी म्हणायचो, काय कवी असेल गं हा! आणि तू म्हणायचीस, पुरे, चहा निवतोय.

तर काल मी डोळे ताणून जागा. शेवटचं गाणं आलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, मी श्वास रोखला, आणि होडी निघून गेली की! पडदा! मी तरातरा आत गेलो आणि ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना गाठलं. कडवं कापायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? ते हसले. “अहो, नाटक बसलं तेव्हापासून मीच वाजवतोय. गाणं दोनच कडव्यांचं आहे.” मी ठणकावून आपलं कडवं म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा म्हणायला लावलं, आणि हलकेच म्हणाले, “सुरेख आहे हो. पण आमच्या होडीला शीडच नाही, वल्ही आहेत. आणि नावाडी कशाला टाके घालेल? हे कुणीतरी शिवणाऱ्यानं केलंय.”

मी तिथेच एका पेटाऱ्यावर बसलो, ताई. म्हणजे हा होता तर तुझा गुडघा! मी तुझ्या शेजारी बसून त्या कडव्याची वाट पाहणार, ते येणार नाही, आणि मी तुझ्याकडे बघणार, याचीच तुला धास्ती होती ना? अगं वेडाबाई, गिऱ्हाईक दारात ताटकळत असताना, रडणाऱ्या भावासाठी तू दोन ओळी जोडल्यास आणि मी साऱ्या जन्मात त्याहून चांगलं काही वाचलं नाही. ज्या कवीचे मी गोडवे गात होतो, तो समोर बसून मला चहा ओतून देत होता. तू फसवलंस असं क्षणभरही मनात आलं नाही. पेटाऱ्यावर बसून डोळे पुसले ते आनंदानं, आणि एवढे गुरुवार तू एकटी धसका घेऊन बसलीस म्हणून. हे सांगायलाच पत्र लिहिलं. या गुरुवारी ये. सुनेपुढे कौतुक करून तुला लाजवणार नाही, शब्द देतो. एखादं चौथं कडवं सुचलं तर घेऊन ये. नाही सुचलं तर तशीच ये, पण ये.

तुझाच,
ठोंब्या