डाव्या पानावरची लाल फुली

आई,

तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. वह्या घेऊन लवकर निघतेय. चहा थर्मासमध्ये आहे.

गणिताच्या या वह्यांत उजवं पान माझं, गणितं तपासायचं; डावं मुलांचं. तिथे चित्रं, चिकटवलेले कागद, मनातलं काहीही चालतं. वर्गात कधीच न बोलणाऱ्या मुलीने अपूर्णांकांवर पहिल्यांदाच लिहिलं होतं, ‘ताई नेहमी मोठा अर्धा घेते.’ काल रात्री माझ्या वह्या तपासताना त्यावर तुम्ही लाल फुली मारलीत. मदत म्हणूनच, कळतं मला. पण घरी तुमची सून, शाळेतही ‘मोठ्या बाईंची सून’. मी तोंड उघडायचं कुठे?

तिने वही उघडायच्या आत तिला सांगेन, फुली माझ्याच हातून चुकून पडली.

यापुढे वह्या शाळेतच तपासेन. रोज उशीर होईल. ह्यांनी विचारलं, तर मीटिंग आहे म्हणा.