गोन्त्साची जागा

द्राक्षांच्या आशीर्वादाचा दिवस

पोहोचले एकदाची. आर्तोस डोंगराखालचा हा मठ आमच्या मठापेक्षा लहान, पण मन मोठं आहे. खेचरावरून उतरते न उतरते तोच ताक, गरम लवाशची पातळ रोटी आणि तळ्यातली खारवलेली मासळी पुढे आली. आशीर्वाद दिलेल्या द्राक्षांचा पहिला घड मारेममायने, म्हणजे इथल्या मठाधिपतीने, स्वतः माझ्या हातात ठेवला. लहानपणापासून मठात वाढले, पण एवढा मान कुणी केला नव्हता.

मुलींना अक्षर शिकवण्याच्या कामातून मला गेल्या वर्षी मोकळं केलं. म्हणाल्या, वानेनीबाई, आता विसावा घ्या. विसावा म्हणजे काय, तर मसूर निवडा आणि कालच्या पोरींची लंगडी अक्षरं पाहून गप्प बसा! म्हणून इथलं बोलावणं आलं तेव्हा मी मागे वळूनही पाहिलं नाही.

इथली लेखिका, म्हणजे पुस्तकं हाताने उतरवणारी, गोन्त्सा वसंतात तापाने गेली. तिचं शुभवर्तमानाचं पुस्तक अर्धं राहिलं आहे. लूक आणि योहान हे शेवटचे दोन भाग मी पुरे करायचे. खिडकीजवळचं तिचं मेज आता माझं, खाटही तिचीच. चर्मपत्र कातरून उरलेल्या पट्ट्या हव्या तेवढ्या घे म्हणाल्या. हे त्यांच्यावरच लिहिते आहे. आज मी फार खूश आहे.

त्यानंतरचा सोमवार

गोन्त्साचं काम नीट पाहिलं. अक्षर बरं आहे. बरं म्हणजे बरंच. समासातले पक्षी सुंदर आहेत, पण पक्षी काढणं म्हणजे लेखन नव्हे. आमच्या गुरुमायने अशा वेलांट्यांवर छडी मारली असती.

चामडी घासून गुळगुळीत करणारी शुशान माझ्यासमोर बसते. गोल, हसरी, तोंडाला कुलूप नाही. शाई घोटताना मी गोंद घातला तर ती म्हणाली, “गोन्त्साताई आधी गोंद भिजवायची हो.” मी म्हटलं, मग तिलाच बोलाव. ती हसून म्हणाली, “बोलावलं तर येईलसुद्धा. माझा शब्द कधी मोडला नाही तिने!”

गावातल्या बाया पुस्तक पुरं व्हायच्या आधीच त्याच्या पाया पडायला येतात. आज एकीने तापलेलं मूल गोन्त्साच्या पानावर निजवलं. मी माझं पान पुढे केलं, शाईही वाळलेली होती. तर म्हणते, नको माय, ताईचंच बरं.

क्रूसाच्या सणाआधीचा आठवडा

योहान संपला. डोळ्यांची आग होते, पण हात एकदाही चळला नाही. लिहिताना गोन्त्साची पानं मी शेजारी ठेवत होते, चुका शोधायला. एक सापडली. मारेममायला दाखवली. ती म्हणाली, “बिचारी तापात लिहीत होती गं.” आणि त्या चुकीवर हात फिरवून रडली. माझ्या बिनचूक पानांवर कुणी रडल्याचं मला आठवत नाही.

शेवटी स्मरणाचं पान. पुस्तकाला कुणाकुणाचे हात लागले ते त्यावर लिहायचं, म्हणजे पुढे जो कोणी वाचेल तो त्या नावांसाठी प्रार्थना करील. मूलबाळ नसलेल्या बाईला दुसरं काय असतं? मारेममायने मजकूर सांगितला, मी लिहिला: ‘अतुल्य लेखिका गोन्त्सा, जी प्रभूमध्ये झोपी गेली आहे, तिची आठवण करा. ख्रिस्त तिच्या आत्म्यावर प्रकाश पाडो.’ मग चामडी घासणारी शुशान. मग शिवण घालणारी. मग तेलासाठी जवस देणारी गावची विधवा. आणि तिच्यानंतर ‘शेवटची पानं लिहिणारी वानेनी’.

जवसानंतर मी!

मी विचारलं, ही काय जागा झाली? मारेममाय म्हणाली, “जिवंत माणसाला कसली घाई, वानेनी? तुला आम्ही रोज बघतोच आहोत.”

दुसऱ्या दिवशी

सगळ्या अक्रोड झोडायला गेल्या. माझी कंबर धरली म्हणून मी मागे राहिले. भर उन्हात, खिडकी उघडी ठेवून, चाकू घेतला आणि ‘गोन्त्सा’ एवढंच खरवडून काढलं. चामडं फार चांगलं घासलेलं होतं, शुशानचे आभार. त्या जागी ‘वानेनी’ लिहिलं. बरोबर मावलं.

‘अतुल्य लेखिका वानेनी’. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. पुढची ओळ वाचत बसले नाही. स्वतःच्या हाताने लिहिलेलं किती वाचायचं?

नाव खरवडणाऱ्याला शाप असतो, तो मी शेकडो पुस्तकांत लिहिला आहे. पण मी नाव पुसलं नाही. बदललं. यात फरक आहे.

क्रूसाचा सण

पाद्री देर आवाग यांनी पुस्तक उचलून धरलं आणि स्मरणाचं पान मोठ्याने वाचलं. ‘अतुल्य लेखिका वानेनी, जी प्रभूमध्ये झोपी गेली आहे...’ आता मारेममाय ओरडेल. कुणी तरी हसेल. मी शेवटच्या रांगेत उभी, सगळ्यांना दिसते आहे.

कुणी हसलं नाही. सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं, ख्रिस्त तिच्या आत्म्यावर प्रकाश पाडो. शुशान तर हुंदके देत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने शाल घट्ट ओढली आणि शेजारणीला म्हणाली, “दार लोटा गं, वारा येतोय.”

सणानंतर

जेवताना माझ्यापुढे भाकरी आली नाही. मी मागितली. कुणी मान वर केली नाही. म्हटलं, कळलं वाटतं, बहिष्कार टाकताहेत. ठीक आहे, मलाही तोंड फिरवता येतं.

पण शुशानने सूप वाढलं ते माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर. म्हणाली, “जेवा ताई, निवतंय.” मी तिकडे पाहिलं. चमचा हलत होता.

गार पडल्यावर

आज सकाळी अंगणात सगळ्यांच्या तोंडून वाफ येत होती. माझ्या नाही. मी जोरात फुंकून पाहिलं.

खाट आधीच गरम असते. उशीवर केस सापडतात, लांब, काळे. माझे केव्हाच पिकले आहेत.

माझ्या आत्म्यासाठी गावाने कोकरू कापलं. मीठ घालून शिजवलेलं मांस सगळ्यांना वाटलं, मला सोडून. बाया बोलत होत्या: वानेनीमायसारखं अक्षर या तळ्याच्या काठी पुन्हा व्हायचं नाही. काय हात, काय रेघ! एकीने तापलेलं मूल माझ्या पानावर निजवलं. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. खोटं कशाला लिहू, अजून ऐकावंसं वाटत होतं.

शनिवार

ती दिसली. मेजापाशी बसलेली, माझ्याकडे पाठ. उजव्या बाजूला बिनचूक घोटलेली शाई. शुशान तिला म्हणत होती, “मरणाच्या दारातून परत आलात ताई, आता तरी जेवत चला.” आणि दोघी हसल्या. ती वसंतात गेली हे कुणाच्या लक्षातच नाही. मी गेले एवढंच सगळ्यांना आठवतं.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. आधीपेक्षा छान लिहिते आहे. एकसुद्धा चूक नाही. भीती वाटायला हवी होती. भीतीच्या आधी दुसरंच काही तरी वाटलं, माझं जुनं—

अंगणात पाथरवट आला आहे. माझ्या थडग्यासाठी क्रूसशिळा घडवतो. खाली नाव कोरायला सुरुवात केली. ‘वा’ झाला.

रविवार, प्रार्थनेनंतर

उपाय सोपा आहे. माझं नाव काढायचं, तिचं परत घालायचं. जे लिहिलं त्याने हे केलं, तर लिहूनच ते फिरेल. बाहेर दुसरं अक्षर चालू आहे. टाकीचा घाव पडला की माझी बोटं— लेखणी दिसते, बोटं नीट दिसत नाहीत—

माझं नाव खरवडलं. निघालं. जागा रिकामी. टाकी थांबली! हातात जीव आला, श्वासाची वाफ दिसली. आता फक्त ‘गोन्त्सा’.

‘अतुल्य लेखिका गोन्त्सा’. पुन्हा. माझ्या हाताने लिहायचं?

नाव घालीन. अतुल्य नाही. ‘लेखिका गोन्त्सा’ पुरे आहे. आधी तो शब्द काढते—

काढताना चामडं पातळ झालं. पलीकडचा उजेड दिसतो. हळू. अजून ‘अ’ राहिला आहे. टाकी पुन्हा सुरू झाली—

भोक पडलं. नावाच्या जागेपर्यंत फाटत आलं. एका नावापुरती जागा आहे, जेमतेम.

ती मागे उभी आहे. गरम श्वास मानेवर. वाटलं गळा धरील. ती वाकली आणि हळूच म्हणाली, लिही बाई. तुला हवं तसं लिही. नुसतं गोन्त्सा लिही, मला चालेल. तुझं अक्षर माझ्याहून चांगलंच आहे.

मोठेपणा बघा! मेल्यावरही मोठेपणा! हिला काही नकोच असतं, म्हणून सगळे हिलाच देतात. मला तिची दया—

लेखणी भिजवून तिनेच हातात दिली. शाई बरोबर. गोंद आधी भिजवलेला.

बाहेर पाथरवट शेवटचं अक्षर कोरतो आहे. लिही म्हणते. अजून वेळ आहे म्हणते. लिही गं, वानेनी.

नाही लिहिणार. तुझ्या हातून मला काही नको, जीवसुद्धा न—