तीन थापा

सोमवार, ३ मार्च
नातीच्या जुन्या वहीत लिहितेय. चौथी शिकलेय, तेवढं पुरेल. आजपासून माझं मालिशचं दुकान. जिमच्या वरची खोली, एक टेबल, एक बाटली तेल. गावाकडे चाळीस वर्षं बाळंतिणी रगडल्या, इथल्यांची हाडं काही वेगळी नसतील. थोरल्या मुलाने मुदत दिलीय: एप्रिलअखेर जम बसला तर या देशात राहायचं, नाहीतर परत धाकट्याकडे. धाकट्याच्या बायकोने मला लाटण्याने हाणलं होतं, मी तिला कालथ्याने. टाके तिला पडले, नाव माझं खराब झालं. त्या घरात पाय ठेवणार नाही.
संकल्प: कोणावर हात टाकायचा नाही. मालिश सोडून.

गुरुवार, ६ मार्च
पहिलं गिऱ्हाईक पोस्टमन. टपाल द्यायला आला होता, कंबर धरून. दंडाला धरून आडवा केला. भाषा कळत नाही, पण ओरडणं सगळीकडे सारखंच. दुखणं निघताना माणूस ओरडतोच. वाकून आला होता, जिना ताठ उतरून पळाला. पिशवी विसरला.

मंगळवार, ११ मार्च
इथली सून म्हणाली, आई, जरा हलक्या हाताने. हिला काय कळतंय. चटई झटकते की कुरवाळते, समजत नाही.

शनिवार, १५ मार्च
खालच्या जिममधला पैलवान आला. मान आखडलेली. पाठीवर गुडघा रोवला, कोपराने मणका न् मणका धरला. त्याचं तोंड टॉवेलात. मध्येच त्याने टेबलावर तीनदा थाप मारली. गाण्याला देतात तशी दाद. मी जोर वाढवला. पुन्हा थापा. मी आणखी. जाताना त्याच्या डोळ्यांत पाणी. एवढी कदर घरात कोणाला नाही.

बुधवार, १९ मार्च
जिमचे आणखी तिघे. कोण जास्त टिकतो अशी पैज लावून आले, असं नात म्हणते. सगळे दाद देणारे. एकाने दोन्ही हातांनी दिली, टेबलाची फळी तडकली. दुकान जमलं. सुनेला सांगून टाकलं, घरातली मागची खोली आता कायमची माझी धर.

सोमवार, २४ मार्च
पैलवान परत आला. दोस्तांनी डिवचला असणार. थाप, थाप, थाप. म्हटलं, थांब बाबा, अजून पाठ तापलीसुद्धा नाही. मग कट्‌कन वाजलं. मला वाटलं गाठ सुटली. बरगडी होती. त्याने हात झटकला तो माझ्या खांद्यावर, मी भिंतीवर. उठून तेलाची बाटली त्याच्या कपाळात घातली. संकल्प मोडला असं नाही, पहिला हात त्याचा. ॲम्ब्युलन्स एकच आली. दोघं शेजारी शेजारी गेलो.

मंगळवार, २५ मार्च
दुकानाला सील. सील ठोकणाऱ्या सरकारी साहेबाने सर्टिफिकेट मागितलं. मी हात दाखवले. त्याने ते कागदावर लिहून घेतलं नाही.
संध्याकाळी नात सुनेसमोर म्हणाली, "आजी, तीनदा थापटलं म्हणजे हरलो, आता सोड. आम्ही ज्यूदोत तेच करतो." आधी का नाही बोललीस, विचारलं. म्हणाली, तूच म्हणालीस ते दाद देतात.

शुक्रवार, २८ मार्च
थोरल्याने तिकीट काढलं. म्हटलं, एप्रिल संपला नाही अजून. म्हणाला, दुकान संपलं ना.
खांदा वर जात नाही. सून स्वतःहून तेल घेऊन आली. आई, पालथ्या पडा म्हणाली. चांगली आहे पोरगी, उगाच बोलते मी. तिने गुडघा रोवला. कोपर लावलं. पंधरा वर्षांत हा जोर कुठे लपवला होता देव जाणे. तोंड उशीत होतं, मी पलंगावर तीनदा थापटलं.
"दाद दिलीत होय, आई?" म्हणाली, आणि जोर वाढवला.