बायांचं बीपी उशिरा येतं

९ मार्च
गडचिरोली डेपोत आज तपासणी शिबिर. डोळे, साखर, बीपी. देवरावभाऊ सकाळपासून गप्प. इतकी वर्षं त्यांच्या गाडीवर कंडक्टर आहे मी, हा माणूस असा घाबरलेला पाहिला नव्हता. बीपी निघालं तर स्टेअरिंग सुटेल, ही धास्ती.

रांगेत मला पुढे केलं. "रेखाबाई, तुमी बसा पयले. तो पट्टा किती आवळते, पाहू द्या."

हसत बसले. नर्सनं एकदा पाहिलं, मग म्हणाली, जरा शांत बसा. थोड्या वेळानं दुसऱ्या हाताला पट्टा लावला. तेच. जास्त. चांगलंच जास्त.

मग देवरावभाऊ. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा, रस्त्यातल्या गुरांवर ओरडणारा माणूस. त्यांचं एकदम बरोबर! बिचाऱ्यांना खूश व्हावं का नाही, कळेना.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "मशीन खराब असन."

"मग तुमचंही खोटं."

आष्टीच्या पुलापर्यंत मग नुसता हॉर्न वाजवत राहिले.

१० मार्च
ह्यांना सांगितलं. शिलाई मशीनवरून मान वर नाही. "बीपी मानसायले होते, बायायले नाई. बाबाले होतं, भावाले हाये. तुले कायचं? तुई पाळी जाऊन राह्यली, त्याची गरमी हाये ते."

मीही वर्षभर हेच धरून होते. मधेच घाम, छातीत धडधड, डोकं जड. कोणाला सांगावं तर सगळ्या बाया म्हणतात, वयाचं आहे, जाईल. पण आता यातलं पाळीचं कोणतं आणि बीपीचं कोणतं? ओळखायचं कसं?

आणि घरात आत्तापर्यंत पुरुषांनाच का? सासूबाईंचं कोणी कधी मोजलं होतं का? आठवत नाही. मोजलंच नसेल.

१३ मार्च
रजा टाकून दवाखाना. डॉ. मॅडम वयानं माझ्या लेकीपेक्षा, पिंकीपेक्षा, थोडी मोठी. मला वाटलं टेन्शन आहे का विचारेल, मीठ किती खाता विचारेल. तेही विचारलं. पण आधी भलतंच.

"गरोदरपणात बीपी वाढलं होतं का?"

मी म्हटलं, मॅडम, पोरगी लग्न होऊन गेली माझी.

"तरी आठवा. पाय सुजले होते? डोकं दुखायचं?"

आठवायला कशाला हवं. पाय असे की चप्पल चढेना. सासूबाई म्हणायच्या, पोटात पोरगी आहे म्हणून सुजले. मग एक दिवस डोळ्यापुढे काजवे. जीपमध्ये घालून चंद्रपूरला नेलं. पिंकी दिवस भरायच्या आधीच झाली, एवढीशी. कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणत होतं, हिला झटके येतील. बस. पुढे कोणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पोर जगली, मी जगले, झालं.

डॉ. मॅडम म्हणाली, ज्यांना तेव्हा वाढतं त्यांना पुढेही वाढायची भीती जास्त. अशा बाईनं दरवर्षी मोजायला हवं.

दरवर्षी! मला तर कोणी एकदाही...

मग मी सुटलेच. पुरुषांना आधी का? म्हणाली, तरुणपणी त्यांच्यातच जास्त दिसतं. बाईच्या अंगात पाळी असेपर्यंत जे स्त्री-हार्मोन असतं, ते रक्तवाहिन्या मऊ ठेवायला मदत करतं. ते कमी झालं की बायांचं वाढायला लागतं. मागून येऊन गाठतं. पुढे कित्येकदा पुरुषांच्या वर जातं.

"म्हणजे आमचं नसतं असं नाही, उशिरा येतं."

"बरोबर. आणि उशिरा येतं म्हणून कोणी बघत नाही. काही बायांना लवकरही येतं हं, तुमच्यासारखं गरोदरपणातच."

आणखी विचारलं, मग हार्मोनची गोळी का नाही देत? हसली. म्हणाली, ते एवढं सोपं नाही. सगळं आम्हालाही अजून पक्कं कळलेलं नाही.

हे मला आवडलं. डॉक्टर "कळलेलं नाही" म्हणाली.

आठवडाभर रोज मोजून दाखवायचं. मग गोळी ठरवणार.

२१ मार्च
गोळी सुरू. रोज एक, सकाळी.

चामोर्शीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूला मोहफुलं वेचणाऱ्या बाया. मी आता प्रत्येक बाईकडे बघून विचार करते, हिचं मोजलं असेल का. वेड लागल्यासारखं झालंय.

आष्टीला सुक्या मासळीची टोपली घेऊन चढणारी कमलबाई. तिकीट फाडताना विचारलंच. म्हणाली, "मले बी हाये न. मालकाची गोळी हाये घरी, थेच खाऊन राह्यली मी. डोकं दुखलं का अर्धी."

"कमलबाई, असं नका करू. त्यांची गोळी त्यांची."

"काऊन? बीपी त एकच हाये न?"

मला वाटायचं तसंच. सांगितलं, आधी तुमचं मोजा, गोळी डॉक्टर ठरवतील. ती ऐकेल का, माहीत नाही. मासळीच्या मिठाबद्दल बोलायची मात्र हिंमत झाली नाही. पोटावर पाय आला असता.

देवरावभाऊ पुढून सगळं ऐकत होते. गोंडपिपरीला चहा घेताना म्हणाले, "मी चिडतो, खर्रा खातो, मले नाई. तुमी शांत, तुमाले हाये. हे कोन्त्या हिशोबात बसते?"

नाही बसत. मलाही हेच कोडं आहे. पण म्हटलं, तुमचं आज नाही म्हणून उद्या नाही असं थोडंच. खर्र्याची पुडी खिशात परत गेली. तेवढ्यापुरती.

२६ मार्च
पुन्हा दवाखाना. माझं उतरतंय. उठता उठता डॉ. मॅडम म्हणाली, "मुलगी आहे ना तुमची? तिला हे सांगून ठेवा. आईला झालं असेल तर मुलीला गरोदरपणात होण्याची शक्यता थोडी जास्त असते."

पुन्हा खुर्चीत बसले. पिंकीला सातवा आहे.

बाहेर येऊन फोन. पिंकी म्हणते, "मले कायी नाई आई. थोडे पाय सुजले, बस. सासूबाई म्हनते, उनाचे हाये."

२७ मार्च
गोंडपिपरीला गाडी थांबते तेवढा वेळ होता. पिंकीचं सासर तिथंच, तिला स्टँडवर बोलावलं. सोबत तिची सासू. बाई वाईट नाही, पण चेहरा आंबट. "तुमाले झालं म्हून हिले होईन का? उगाच पोरीले भेव दाखोता."

मी काही बोलणार तेवढ्यात देवरावभाऊ टायर बघायचं सोडून आले. "बाई, मी घोड्यासारका हाओ. तरी मोजलं त माहं काय गेलं? पट्टा बांधते अन् सोडते. दुखत नाई."

सासू तयार झाली. पुरुष माणूस बोलला म्हणून तयार झाली, हे कळलं मला. चालेल. आज चालेल.

गाडी सुटायची वेळ, मी जाऊ शकत नाही. दोघी पायी दवाखान्याकडे गेल्या. परत गडचिरोलीला येईपर्यंत तिकिटं फाडली, सुटे दिले, कोणाला किती दिले देव जाणे. एका पॅसेंजरनं स्वतःहून जास्तीचे परत केले.

संध्याकाळी पिंकीचा फोन. जास्त आहे. फार नाही, पण जास्त. लघवीही तपासायला सांगितली.

ह्यांना सांगितलं. मशीन थांबलं. सुई कापडातच, मान वर. मग म्हणाले, "तुले तवा जीपमदी नेलं होतं... तवा हेच होतं काय?"

"हेच."

"मले कोनी सांगतलं नाई."

"मलाही नाही."

जेवताना लोणच्याची बरणी स्वतः उचलून फळीवर ठेवली. माझं लोणचं बंद. स्वतःचंही.

३० मार्च
ह्यांनी जाऊन पिंकीला घरी आणलं. सासूनं अडवलं नाही, उलट म्हणाली, गडचिरोलीला मोठा दवाखाना जवळ आहे तर तिथंच बरं. लघवीत आज काही निघालं नाही. तरी डॉ. मॅडमनं बजावलं: डोकं फार दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, पोटात वरच्या बाजूला दुखलं तर तपासणीच्या दिवसाची वाट बघू नका, लगेच या. तिलाही गोळी दिली, पोटातल्या बाळाला चालणारी.

माझी वेगळी, तिची वेगळी. दोन पाकिटं दोन वेगळ्या डब्यांत ठेवलीत.

५ एप्रिल
माझं आज ठीक. पिंकीचं कधी ठीक, कधी वर. उद्या पुन्हा दाखवायचं. जास्त वाटलं तर दवाखान्यात ठेवून घेतील, असं डॉ. मॅडम म्हणाली.

दुपारी पंख्याखाली दोघी पडलो होतो. पिंकी पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, तुले झालं. मले होऊन राह्यलं. आता पोरगी झाली त तिले बी?"

मी म्हटलं, तिचं आपण आधीपासून मोजू.

"ते सोड. होईन का नाई?"

माहीत नाही. डॉ. मॅडमला हे विचारायचं राहिलं. आणि पोरगा झाला, तर त्याला पुढे बीपी होईल का, तेही.