ग्लेनिसचा पाम आणि माझे उपचार

२९ सप्टेंबर, डार्विन
ग्लेनिस ॲडलेडला बहिणीकडे गेली. विमानतळावर पुन्हा तेच. कॉलिन, हे घर तुझ्याच्याने सांभाळवत नाही, विकू या आणि तिकडेच राहू. मी म्हटलं, मेलो तरी डार्विन सोडणार नाही. मग म्हणाली, बरं, माझ्या आईचा पाम जगवून दाखव. मी येईन तेव्हा जिवंत असला तर इथेच राहू. नसला तर घर विकायचं.
एवढंच? जन्मभर बंदरात क्रेन चालवली मी. कुंडीतलं झाड म्हणजे हातचा मळ.

३० सप्टेंबर, सकाळ
पाम नीट पाहिला. पानांची टोकं करपलेली. म्हणजे बाईसाहेबांनी आधीच अर्धमेला करून माझ्या गळ्यात मारला. लक्षात ठेवतो.
निश्चय: रोज सकाळी पाणी. बिअर पाचनंतरच.

४ ऑक्टोबर, दुपारी
उकाडा असह्य. ढग नुसते गडगडतात, थेंब नाही. पाम हॉलमध्ये एसीसमोर आणून ठेवला. बिअर घेतली. दोघांनाही बरं वाटलं.

११ ऑक्टोबर
पानं कागदासारखी वाजायला लागली. शेजारचा मिहालिस डोकावला. ग्रीक माणूस, न विचारता सल्ला देतो. म्हणाला, अरे बाबा, पाम आहे तो, पेंग्विन नाही. सावलीत ठेव बाहेर. म्हटलं, तू तुझं बघ.
तो गेल्यावर बाहेर ठेवला. उन्हात. सावलीत ठेवला असता तर त्याचं ऐकल्यासारखं झालं असतं.

१५ ऑक्टोबर
पिवळा. तहान लागली असणार. नळाचा पाइप तिथवर पोचत नाही, म्हणून अंगणातल्या स्विमिंग पूलचं पाणी बादलीने घातलं. पूलमध्ये क्लोरीनऐवजी मीठ असतं, ठाऊक आहे, मीच तर पोतं ओततो. पण पाम हे समुद्रकाठचं झाड. मिठाचं त्याला काय नवं?

१९ ऑक्टोबर
पिवळ्याचा तपकिरी झाला. बदल तर आहे.

२१ ऑक्टोबर
बॅरामंडी लागली गळाला, हातभर! मिहालिसला दाखवून आलो. डोकं आणि काटे कुंडीत पुरले. बाबा आंब्याला असंच खत घालायचे. आता पाम कसा उठत नाही तेच बघतो.

२२ ऑक्टोबर
मिहालिसच्या कुत्र्याने कुंडी उपसली. मुळं उघडी, मासा गायब, आणि कुत्रं माझ्या पायरीवर ओकलेलं. मिहालिस मलाच विचारतो, माझ्या कुत्र्याला काय खायला घातलंस? चोराच्या उलट्या बोंबा!

२५ ऑक्टोबर
ग्लेनिसचा फोन. पाम कसा आहे? म्हटलं, आराम करतोय. म्हणाली, फोटो पाठव. जुना पाठवला. लगेच फोन. मागे ख्रिसमसच्या माळा कशा दिसतायत रे? म्हटलं, यंदा लवकर लावल्या.
संध्याकाळभर शिडीवर चढून माळा लावत होतो. बायकांना संशय फार.

२ नोव्हेंबर
शेवटचं पान गळलं. मी हरलेलो नाही. झाडातच जिद्द नव्हती.
पालिकेची वादळाआधीची साफसफाई सुरू झाली आहे. वाऱ्याने उडेल ते सगळं रस्त्याकडेला टाकायचं, गाडी उचलून नेते. कुंडी जुन्या गादीमागे ठेवून आलो. ग्लेनिसला सांगायचं, वादळात गेला. वादळापुढे कोणाचं चालतं?

३ नोव्हेंबर
गाडी यायच्या आत मिहालिसने कुंडी उचलली. त्यात काही नाही, इथे सगळेच एकमेकांचा कचरा उचलतात. मी बसलोय ती खुर्ची त्याचीच. म्हणाला, कुंडी झकास आहे, बेसिल लावतो. म्हटलं, ने बाबा. ब्याद टळली.

१८ नोव्हेंबर
पाऊस रोज पडतो. वादळ मात्र नाही. हवामान खात्याने काहीतरी करायला हवं.

२६ नोव्हेंबर
ग्लेनिस आली. बॅग खाली ठेवायच्या आत, पाम कुठाय? म्हटलं, वादळात गेला. कुठलं वादळ? म्हटलं, लहानसं होतं. आपल्या घरापुरतं.
मिहालिससाठी बिस्किटं आणली होती, ती द्यायला गेली. जरा वेळाने कुंपणापलीकडून हाक आली, कॉलिन, इकडे ये.
त्याच्या आंब्याखाली तीच कुंडी. तिच्या आईने रंगवलेले निळे पक्षी, आणि मधोमध हिरवागार कोंब, वीतभर वर आलेला.
तिने मिहालिसला विचारलं, केलंस तरी काय? तो ओशाळून म्हणाला, काही नाही गं, बेसिल लावायचं राहूनच गेलं. इथे ठेवली आणि विसरलो.
मग ती माझ्याकडे वळली. ऐकलंस? नुसतं विसरायचं होतं. लग्नाचा वाढदिवस बरा विसरतोस दरवर्षी!

३ डिसेंबर
फाटकावर विक्रीची पाटी लागली. म्हटलं, पाम जिवंत आहे की, तर म्हणाली, तू कुठे जगवलास? मेहुणीचा फोन आला. तिचं लिंबाचं झाड सुकत चाललंय, आणि मी त्याला हात लावायचा नाही असं आत्ताच बजावून ठेवते म्हणाली.
पाम मिहालिसकडेच राहणार. ग्लेनिस म्हणते, त्याला इथली हवा मानवते. मी म्हटलं, मलाही मानवते. ती खोकी बांधत होती, ऐकू गेलं नसावं.